दप्तराची फेरवाटणी आणि कोसळलेला सर्व्हर

पुणे जिल्ह्याच्या पूर्वभागात भीमेच्या डाव्या अंगास शिरूर आणि उजव्या अंगास बहुतांशी दौंड असे दोन तालुके पसरलेले आहेत, आणि त्यांतील खातेदाराच्या आयुष्यातले जे जे म्हणून महत्त्वाचे व्यवहार, मग ते सोसायटीचे पीककर्ज असो, भावाभावांतील वाटणी असो, खरेदीखत असो की वारसनोंद असो, ते सगळे अखेरीस सातबाराच्या उताऱ्यावर आणि त्यामागच्या फेरफाराच्या नोंदीवर येऊन ठेपतात. ही नोंद एके काळी तलाठ्याच्या दप्तरात कापडी बस्त्यात बांधलेली असे. आता ती संगणकात आहे. म्हणूनच उताऱ्यासाठी आलेल्या माणसाला जेव्हा 'सर्व्हर डाउन आहे' असे ऐकावे लागते, तेव्हा त्याचा दिवस तर वाया जातोच, शिवाय आपली नोंद शाबूत आहे ना, ही शंकाही त्याच्या मनात घर करते.

'सर्व्हर डाउन' या दोन शब्दांखाली पुष्कळ निरनिराळे आजार झाकले जातात. कधी तार तुटलेली असते, कधी वीज गेलेली असते, कधी एकाच वेळी माणसांची गर्दी झालेली असते. आणि क्वचित प्रसंगी, ज्याच्या हवाली सर्व नोंदी केलेल्या आहेत तो डेटाबेस सर्व्हरच एखादा विशिष्ट हुकूम मिळताक्षणी कोसळून पडतो. या शेवटच्या आजाराचा एकच प्रकार मी येथे विचारार्थ घेतला आहे: विभागून ठेवलेल्या तक्त्याच्या रचनेत फेरबदल चालू असताना सर्व्हरचे कोसळणे, आणि त्याच्या कारणाचा शोध. विषय तांत्रिक आहे हे खरे. परंतु ज्या यंत्रावर आपली जमीन, आपली ठेव आणि आपल्या मुलांची गुणपत्रिका विसंबून आहे, त्याच्या आजाराचे निदान कसे होते हे सामान्य वाचकाला समजावून सांगणे मला अगत्याचे वाटते.

नोंदीचे मोल या मुलखाला कोणी शिकवावे असे नाही. शिरूर तालुक्यातील कर्डे येथे १८७४ च्या अखेरीस एका देशमुखाचे घर सावकाराच्या हुकूमनाम्यापायी लिलावात गेले आणि त्यातून गावकऱ्यांनी सावकारांवर बहिष्कार घातला. पुढे १२ मे १८७५ रोजी त्या वेळच्या भीमथडी तालुक्यातील सुपे येथे बाजाराच्या दिवशी जो उठाव झाला, त्याची झळ दुसऱ्याच दिवसाच्या आत केडगावास पोचली. दख्खनचे दंगे म्हणून इतिहासात नमूद असलेल्या या उठावात लोकांचा रोख सावकारांच्या देहापेक्षा त्यांच्या कागदांवर होता. रोखे, गहाणखते आणि हुकूमनामे हुडकून काढून ते जाळण्यात आले. त्यानंतर १८७९ साली जो शेतकरी साहाय्याचा कायदा आला, त्याने शेतकऱ्याचा रोखा ग्रामनिबंधकासमोर लिहून नोंदवला जावा अशी तरतूद केली. कागद कोणाच्या हाती आहे, तो खरा आहे काय, आणि उद्या तो तसाच सापडेल काय, हे तीन प्रश्न दीडशे वर्षांपूर्वी येथे रक्तामांसाचे प्रश्न होते, आणि कागदाच्या जागी संगणक आला म्हणून त्यांची धार कमी झालेली नाही.

आता विभागणी म्हणजे काय ते पाहू. पुण्याच्या पेशवे दप्तरात जुने कागद रुमालांत बांधून ठेवलेले आहेत, आणि जिल्ह्याचे महसुली दप्तर तालुकावार व गाववार लावण्याची पद्धतही तशीच जुनी आहे. कारण दौंडच्या पाटसचा कागद हवा असेल तर शिरूरच्या पाबळचा रुमाल सोडण्याचे प्रयोजन नसते. डेटाबेसमध्येही नेमके हेच केले जाते. एका प्रचंड तक्त्यात, समजा, संपूर्ण जिल्ह्याचे फेरफार साठवलेले आहेत. तो तक्ता बाहेरून एकच दिसतो, परंतु आत त्याचे तालुकावार किंवा वर्षवार भाग पाडलेले असतात, आणि कोणती नोंद कोणत्या भागात जावी हे ठरवणारा एक नियम त्या तक्त्याच्या माथ्यावर लिहून ठेवलेला असतो. या भागांना पार्टिशन असे म्हणतात. विचारणा दौंडपुरती असेल तर सर्व्हर शिरूरचा भाग उघडतच नाही, आणि कोट्यवधी ओळींच्या तक्त्यातही उत्तर लवकर सापडते. जुन्या वर्षाच्या नोंदी काढून दुसरीकडे ठेवायच्या असतील तर ओळीमागून ओळ पुसत बसण्याऐवजी तो सबंध भागच मुख्य तक्त्यापासून विलग करता येतो.

परंतु वाटण्या कायम राहत नाहीत. १८८५ च्या सुमारास निघालेल्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये जुन्नर, खेड, मावळ, हवेली, पुरंदर, शिरूर, भीमथडी आणि इंदापूर असे आठच तालुके आहेत. आज ते चौदा आहेत, आणि भीमथडीच्या पोटातून बारामती व दौंड असे दोन स्वतंत्र तालुके झालेले आहेत. कागदाच्या दप्तरात अशी फेरवाटणी करायची म्हणजे रुमाल सोडायचे, गावांचे बस्ते निराळे करायचे, नव्या फर्दी लिहायच्या आणि पुन्हा बांधायचे. आणि हे चालू असताना कोणी नक्कल मागावयास आला तर अव्वल कारकुनाने त्याला 'उद्या या' म्हणावे. संगणकाला 'उद्या या' म्हणण्याची मुभा नसते. एकीकडे नागरिक उतारे मागत आहेत, दुसरीकडे नवे फेरफार चढत आहेत, आणि त्याच घटकेस 'ऑल्टर टेबल' या शब्दांनी आरंभ होणारा हुकूम देऊन तक्त्याची रचना बदलायची आहे, अशी ही अवघड कामगिरी असते.

तिची अवघडता नेमकी कोठे आहे, हे समजल्यावाचून कोसळण्याचे कारण समजणार नाही. सर्व्हरजवळ दोन प्रकारची माहिती असते: एक म्हणजे प्रत्यक्ष नोंदी, आणि दुसरी म्हणजे त्या नोंदींविषयीची नोंद, अर्थात कोणत्या तक्त्यात कोणते स्तंभ आहेत, कोणत्या क्रमाने आहेत, कोणत्या जातीचे आहेत, कोणते भाग कोणत्या मर्यादेचे आहेत, याची सूची. ही सूची प्रत्येक वेळी डिस्कवरून वाचणे परवडत नाही, म्हणून सर्व्हरची प्रत्येक प्रक्रिया आपल्यापुरती तिची एक प्रत स्मृतीत बाळगते. रचना बदलली की प्रत्येक प्रक्रियेने जुनी प्रत टाकून नवी घेतली पाहिजे. साध्या तक्त्यात एकच सूची बदलते. विभागलेल्या तक्त्यात मुख्य तक्ता आणि त्याचे सर्व भाग यांच्या सूची एकाच व्यवहारात, एकमेकींशी सुसंगत राहून बदलाव्या लागतात. यात आणखी एक सूक्ष्म गोष्ट आहे. मुख्य तक्त्यातून पूर्वी एखादा स्तंभ काढून टाकलेला असेल, तर पोस्टग्रेस नावाच्या डेटाबेसमध्ये त्याची जागा लगेच बुजवली जात नाही, ती रिकामी म्हणून शिल्लक राहते. आणि त्यानंतर शिरूरचा नवा भाग तयार केला तर त्या भागात ती रिकामी जागा नसते. परिणामी मुख्य तक्त्यातला पाचवा स्तंभ शिरूरच्या भागात चौथा असतो, आणि जुन्या दौंडच्या भागात मात्र पाचवाच राहतो. बाहेरून पाहणाऱ्यास तिन्ही तक्ते हुबेहूब सारखे दिसतात. आतल्या प्रोग्रॅमने मात्र दर वेळी क्रमांकांचा हा मेळ घालूनच ओळ वाचली पाहिजे. एखाद्या अडगळीच्या वाटेवर हा मेळ घालण्याचे राहून गेले, की संख्येच्या जागी तारीख आणि तारखेच्या जागी नाव वाचले जाते.

हे घडल्यावर सर्व्हर कोसळतो म्हणजे काय होते? पोस्टग्रेसमध्ये प्रत्येक जोडणीसाठी एक स्वतंत्र प्रक्रिया चालू असते आणि त्या सर्वांवर देखरेख करणारी एक प्रमुख प्रक्रिया असते. एक प्रक्रिया अपघाताने मेली, तर तिने मरताना सर्वांच्या सामाईक स्मृतीत काही बिघडवून ठेवले असण्याचा संभव असतो. म्हणून प्रमुख प्रक्रिया उरलेल्या सर्वांना तत्काळ बरखास्त करते, सामाईक स्मृती नव्याने मांडते, आणि आधी लिहून ठेवलेल्या रोजकीर्दीवरून, जिला 'वॉल' असे म्हणतात, सर्व पक्के झालेले व्यवहार पुन्हा उभे करते. शिरूरच्या एका तक्त्यावर दिलेल्या हुकमाने दौंडच्या खिडकीवर उतारा घेत असलेल्या माणसाची जोडणी का तुटावी, याचे उत्तर या व्यवस्थेत आहे. ही कठोरता मला योग्य वाटते. बिघडलेल्या स्मृतीवरून चुकीचा उतारा देण्यापेक्षा काही क्षण कोणालाच उतारा न देणे हे नोंदीच्या रक्षकाचे कर्तव्य आहे.

समजा, असा प्रसंग ओढवला. फेरफारांचा तालुकावार विभागलेला तक्ता आहे, त्याच्या एका भागाची पुनर्रचना करण्याचा हुकूम सकाळी कामाच्या गर्दीत दिला गेला, आणि सर्व्हर गेला. अशा वेळी तगादा इतका असतो की, पहिला हात पुन्हा चालू करण्याच्या बटणाकडे जातो, आणि बहुधा पहिला पुरावा तेथेच नष्ट होतो. खरे पाहता पहिले काम म्हणजे लॉग, म्हणजे सर्व्हरची दिनचर्या, जशीच्या तशी बाजूला ठेवणे. पोस्टग्रेसच्या लॉगमध्ये कोणत्या क्रमांकाची प्रक्रिया कोणत्या सिग्नलने, म्हणजे कार्यप्रणालीच्या कोणत्या क्रमांकित इशाऱ्याने, मेली हे लिहिलेले असते, आणि बहुतेक वेळा त्याखालीच ती मरताना कोणता हुकूम चालवीत होती हेही दिलेले असते. या दोन ओळींत अर्धे निदान सामावलेले आहे.

सिग्नलचा क्रमांक ९ असेल तर प्रक्रिया आपण होऊन मेलेली नाही, तिला बाहेरून मारलेले आहे. लिनक्समध्ये स्मृती संपत आली की त्याचा गाभा सर्वांत अधिक स्मृती व्यापणाऱ्या प्रक्रियेला संपवतो, आणि तशी नोंद आपल्या निराळ्या लॉगमध्ये करतो. ती तेथे सापडली तर डेटाबेसच्या प्रोग्रॅमवर संशय घेण्याचे कारण उरत नाही, यंत्राची स्मृती आणि तिचे वाटप यांचाच विचार करावा लागतो. क्रमांक ६ असेल तर प्रोग्रॅमने स्वतःच पुढे जाण्यास नकार दिलेला आहे. याचे एक नित्याचे कारण म्हणजे डिस्क भरणे: एखाद्या स्तंभाची जात बदलण्याचा हुकूम मुख्य तक्त्यावर दिला की तो चौदाही भागांवर उतरतो, प्रत्येक भाग बहुधा संपूर्ण नव्याने लिहिला जातो, व्यवहार पक्का होईपर्यंत जुनी प्रत टाकता येत नाही, आणि शिवाय हे सर्व रोजकीर्दीतही चढते, त्या रोजकीर्दीलाच जागा उरली नाही तर सर्व्हर थांबणे पसंत करतो. क्रमांक ११ असेल तर मात्र प्रोग्रॅमने जी स्मृती त्याची नव्हती तिला हात लावलेला आहे, आणि येथून पुढचा शोध खरोखर खोल पाण्यात शिरतो.

तत्पूर्वी एक इशारा द्यावासा वाटतो, कारण अनेक ठिकाणी निदान येथेच भरकटते. पुष्कळदा सर्व्हर कोसळलेलाच नसतो. रचना बदलणाऱ्या बहुतेक हुकमांना तक्त्यावर संपूर्ण एकाधिकार, म्हणजे इतरांना बाहेर ठेवणारे कुलूप, हवा असतो. कोणाचा तरी लांबलेला व्यवहार आधीपासून चालू असेल तर हुकूम त्याच्यामागे थांबतो, आणि हुकमामागे आलेले सगळे साधे वाचकही थांबून राहतात. खिडकीवरच्या माणसाला हे अगदी कोसळल्यासारखेच दिसते. तसेच भागांची संख्या फार मोठी असेल, आणि एका व्यवहारात त्या सर्वांवर कुलपे घालावी लागली, तर कुलपांच्या नोंदीसाठी राखलेली सामाईक स्मृती अपुरी पडते. त्या जागेचा हिशेब प्रत्येक व्यवहारामागे सरासरी ६४ कुलपे असा मुळात धरलेला आहे. अशा वेळी हुकूम नाकारला जातो, पण सर्व्हर जिवंत राहतो. या अवस्था एकमेकींपासून निराळ्या ओळखल्यावाचून उपाय करू लागणे म्हणजे वेळ आणि विश्वास दोन्ही गमावणे होय.

सिग्नल ११ कडे पुन्हा वळू. प्रक्रिया अशी मेली की, तशी व्यवस्था आधी करून ठेवलेली असल्यास, लिनक्स तिच्या स्मृतीची संपूर्ण प्रत एका फाइलमध्ये उतरवून ठेवते. तिला कोअर डम्प म्हणतात. ही व्यवस्था अनेक ठिकाणी बंद असते आणि अपघातानंतर ती चालू करून उपयोग नसतो. ती प्रत तपासणीच्या प्रोग्रॅमने उघडली म्हणजे मरणाच्या क्षणी कोणती क्रिया चालू होती, ती कोणत्या क्रियेने बोलावली होती, तिला आणखी कोणी, अशी पायरीपायरीने वर जाणारी साखळी दिसते. या साखळीला बॅकट्रेस म्हणतात. येथे शोधकाच्या बुद्धीची पहिली कसोटी लागते. कारण साखळीच्या टोकाशी असलेली क्रिया ही जेथे प्रोग्रॅम पडला ती जागा असते, आणि चूक पुष्कळदा फार आधी, तीन-चार पायऱ्या मागे किंवा अगदी दुसऱ्याच हुकमात, झालेली असते. विषारी मूल्य एका ठिकाणी तयार होते, निमूटपणे पुढे जाते, आणि ज्याने ते प्रथम खरे मानून वापरले तो पडतो.

म्हणून नंतरचे काम असते ते प्रसंग लहान करण्याचे. मूळ यंत्रावर नव्हे, तर त्याच्या नकलेवर, तोच हुकूम पुन्हा द्यायचा. सर्व्हर पुन्हा पडला तर चौदांपैकी एक तालुका काढून टाकायचा आणि पुन्हा पाहायचे. पडतच राहिला तर आणखी एक काढायचा. शेवटी शिरूर आणि दौंड असे दोनच भाग उरतात. मग नोंदी कमी करायच्या. रिकाम्या तक्त्यावरही सर्व्हर पडत असेल तर दोष नोंदींत नाही, रचनेत आहे, हे सिद्ध झाले. मग स्तंभ कमी करायचे. कधी असे आढळते की, शिरूरचा भाग काढला की सर्व्हर पडत नाही आणि दौंडचा काढला तरी पडतोच. तेव्हा दोहोंत तफावत कोणती याचा शोध घेताना कळते की, शिरूरचा भाग एक स्तंभ काढल्यानंतर जोडलेला आहे आणि म्हणून त्याचे क्रमांक निराळे आहेत. या कामात कंटाळा करून चालत नाही, आणि माझ्या मते निदानशास्त्राचा खरा मोठेपणा या चिकाटीच्या वजाबाकीतच आहे. शेवटी जे दहा-बारा ओळींचे उदाहरण हाती येते, त्यात कोणा खातेदाराचे नाव नसते, गट नंबर नसतो. ते जगात कोणालाही निर्धास्तपणे देता येते, आणि ज्यांनी तो प्रोग्रॅम लिहिला ते आपल्या यंत्रावर तोच अपघात क्षणार्धात घडवून पाहू शकतात. प्रोग्रॅमच्या कोणत्या आवृत्तीपर्यंत तो ठीक होता आणि कोणत्या बदलानंतर बिघडला, हेही मग मधली आवृत्ती निवडून अर्धेअर्धे करत थोड्या फेऱ्यांत शोधता येते.

असे दोष कल्पनेतले नाहीत. पोस्टग्रेसचा उगम १९८६ साली बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात मायकेल स्टोनब्रेकर यांच्या प्रकल्पात झाला, आणि १९९६ पासून तो पोस्टग्रेस्क्यूएल या नावाने मुक्त स्वरूपात जगभर वाढला. त्यात तक्त्याच्या विभागणीची सरळ सोय ऑक्टोबर २०१७ मध्ये आलेल्या १० व्या आवृत्तीत प्रथम झाली; त्यापूर्वी ती आडमार्गाने साधावी लागे. या कामाच्या श्रेयनामावलीत अमित लंगोटे यांचे नाव आहे. आणि पुढच्या वर्षी आलेल्या ११ व्या आवृत्तीत, भागाभागांची जोडणी जलद करण्याच्या कामी आशुतोष बापट यांचे, तर ओळ बदलली असता ती एका भागातून दुसऱ्या भागात आपोआप हलवण्याच्या कामी अमित खांडेकर यांचे नाव आहे. दौंडकडचे एखादे गाव शिरूरकडे वर्ग झाले तर तालुक्याचा संकेतांक बदलताच त्याच्या नोंदी भाग बदलतात, ही सोय याच कामाने आली. १० व्या आवृत्तीत तसा प्रयत्न केल्यास सर्व्हर तो नाकारीत असे. या डेटाबेसवर काम करणाऱ्या एंटरप्राइझडीबी या कंपनीचे एक कार्यालय पुण्यातच आहे. जगातल्या बँका आणि सरकारे ज्या साधनावर विसंबतात त्याच्या इतक्या नाजूक अवयवाच्या घडणीत ही नावे दिसावीत, याचा मराठी वाचकाला अभिमान वाटला तर तो अस्थानी म्हणता येणार नाही.

नव्या अवयवात नवे दोष आले. ८ फेब्रुवारी २०१८ रोजी निघालेल्या १०.२ या दुरुस्तीत असा एक दोष दूर केलेला आहे, आणि तो इतका बोधप्रद आहे की त्याचे सविस्तर वर्णन केले पाहिजे. विभागणीचा नियम एकाहून अधिक सूत्रांवर आधारता येतो. उदाहरणार्थ, पहिले सूत्र गावाच्या संकेतांकाची पहिली अक्षरे घ्यावीत असे, आणि दुसरे तारखेतून वर्ष काढावे असे. हा नियम स्मृतीत घेताना सर्व्हर सूत्रांची यादी क्रमाने वाचतो आणि प्रत्येक सूत्राचे उत्तर अक्षरांच्या जातीचे की संख्येच्या, हे टिपून ठेवतो. एक सूत्र टिपले की बोट पुढच्या सूत्रावर सरकले पाहिजे. ते सरकवण्याचे राहून गेले होते. साहजिकच दुसऱ्या सूत्रासमोरही पहिल्याचीच जात लिहिली जाई, आणि मग जी संख्या आहे तिला अक्षरमाला समजून, किंवा उलट, पुढचे काम चाले. त्यातून सर्व्हर कोसळू शके, आणि कोणी जाणूनबुजून विशिष्ट मूल्ये दिल्यास सर्व्हरच्या स्मृतीतला मजकूरही त्याच्या हाती लागू शके. म्हणूनच त्याला सुरक्षेचा दोष म्हणून सीव्हीई-२०१८-१०५२ असा जाहीर क्रमांक देण्यात आला. आल्वारो हेरेरा आणि डेव्हिड रोली या दोघांना तो एकमेकांपासून स्वतंत्रपणे सापडला. दुरुस्तीचे मर्म एवढेच होते की, बोट पुढे सरकवावे. या दोषाने प्रोग्रॅम पडे तो मूल्य वाचताना. चूक झालेली असे ती नियम टिपताना. एकच सूत्र असलेल्या तक्त्यावर तो कधीच दिसत नसे, आणि बहुसंख्य तक्ते तसेच असतात.

दुसरा दोष ९ मे २०१९ च्या ११.३ या दुरुस्तीतला. एखादी ओळ कोणत्याच भागाच्या मर्यादेत बसत नसेल, म्हणजे ज्या तालुक्याचा भागच तयार केलेला नाही त्याची नोंद कोणी घालू पाहत असेल, तर सर्व्हरने ती सविनय नाकारून कारण सांगावे अशी अपेक्षा असते. ते कारण लिहिण्यासाठी त्या ओळीतील मूल्ये लागतात. परंतु ती ज्या स्मृतीत होती ती त्याआधीच मोकळी करण्यात आलेली असे, आणि मोकळ्या केलेल्या जागेत डोकावताना सर्व्हर कोसळू शके. चूक कळवणारा संदेश तयार करतानाच चूक व्हावी, हे पाहून मन थोडे थबकते. कारण नेहमीच्या सुरळीत वाटेवरून लाखो वेळा जाणे होते आणि ती वाट आपोआप तपासली जाते, नकाराच्या वाटेवर मात्र फार थोडी पावले पडतात. चाचणी करणाऱ्यांनी तिकडे मुद्दाम जावे लागते.

सर्व्हर कोसळला तेव्हा अर्धवट राहिलेल्या फेरवाटणीचे काय होते, हा प्रश्न खातेदाराच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा. पोस्टग्रेसमध्ये रचनेचा बदलही नोंदीच्या बदलाप्रमाणेच व्यवहाराच्या चौकटीत होतो. तो पक्का होण्यापूर्वी सर्व्हर पडला तर उठल्यावर तक्ता पूर्वीच्याच वाटणीत सापडतो, नवी वाटणी झालीच नव्हती असे समजले जाते. नव्याने लिहिलेल्या अर्धवट फाइली मात्र डिस्कवर बेवारस पडून जागा अडवू शकतात, म्हणून तिकडे लक्ष पुरवावे लागते. १४ व्या आवृत्तीत वाचकांना न थांबवता भाग विलग करण्याची जी सोय आली तिचे काम दोन व्यवहारांत होते. मध्येच खंड पडला तर तो भाग विलग होण्याच्या प्रतीक्षेत अडकतो आणि उरलेले काम पुरे करण्याचा निराळा हुकूम द्यावा लागतो. मायएसक्यूएल या दुसऱ्या प्रसिद्ध डेटाबेसमध्ये विभागणी २००८ पासूनच्या ५.१ या आवृत्तीत आहे, परंतु तेथे रचनेची माहिती काही अंशी निराळ्या फाइलींत आणि काही अंशी साठवणुकीच्या यंत्रणेत अशी दुहेरी असे, आणि मध्येच कोसळल्यास त्या दोहोंत तफावत पडण्याचा धोका राही. एप्रिल २०१८ च्या ८.० या आवृत्तीने ही माहिती एकाच कोशात आणून रचनेचे बदल अखंड केले. ज्या कार्यालयांत अजून जुनी आवृत्ती चालू आहे त्यांनी हा फरक नीट ध्यानात घ्यावा.

शिरूर आणि दौंडच्या सहकारी पतसंस्था, साखर कारखाने, रांजणगाव व कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतींतील कारखाने, महाविद्यालये आणि शासकीय कचेऱ्या यांच्या संगणकांची देखभाल करणाऱ्या तरुण मंडळींना माझी कळकळीची विनंती आहे. विभागलेल्या तक्त्याला हात लावण्यापूर्वी त्याची नक्कल काढा, आणि ती नक्कल दुसऱ्या यंत्रावर उभी राहते हे डोळ्यांनी पाहा. डिस्कवर तक्त्याच्या दुप्पट जागा आहे काय ते तपासा. हुकूम कचेरी बंद झाल्यावर द्या. कोअर डम्पची व्यवस्था आजच करून ठेवा, आणि सर्व्हर पडलाच तर लॉग बाजूला काढल्यावाचून काही करू नका. वरिष्ठांनीही या मंडळींना तेवढी सवड द्यावी. दहा मिनिटांत सुरू करून दाखवण्याची सक्ती केली तर कारण कधीच सापडत नाही आणि पुढच्या महिन्यात तोच सर्व्हर पुन्हा पडतो. १०.२ किंवा ११.३ सारख्या किरकोळ क्रमांकाच्या दुरुस्त्या बसवताना नोंदी उतरवून पुन्हा भराव्या लागत नाहीत. प्रोग्रॅम बदलून सर्व्हर एकदा बंद करून पुन्हा चालू करणे एवढेच सामान्यतः पुरते. तेवढ्या वेळाची परवानगी रीतसर अर्ज करून मागून घ्या.